समासातली पौर्णिमा

पान ४३, उजवीकडचा समास. शिसपेन्सिलीनं, घाईघाईत: ‘खून दिवाणजीने केला.’ त्याच्याखाली निळ्या शाईत, ठसठशीत: ‘वाचकांनी लक्ष देऊ नये. सदर इसम खोटे बोलतो.’ आणि त्याच्याही खाली बॉलपेननं, इतका जोर देऊन की पान ४५ वर बोट फिरवलं तर वळ हाताला लागतात: ‘इसम नाही, बाई आहे. अक्षर बघा.’

हे पुस्तक मी दहा रुपयांना घेतलं. नागपूरच्या महाल भागात, केळीबाग रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय आहे, तिथं दर काही वर्षांनी छाटणी होते. फाटकी, वाळवी लागलेली, वीस वर्षांत कोणी न मागितलेली पुस्तकं ‘बाद’ असा शिक्का मारून व्हरांड्यात मांडतात. चार दिवसांत जी जात नाहीत ती रद्दीवाला किलोनं नेतो. मे महिन्याचा पहिला आठवडा होता, दुपारी अडीचची वेळ, गल्लीत कुत्रंही नव्हतं. खाकी पुठ्ठ्याचं हे बाड मी उचललं तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “ताई, ते नका घेऊ. त्याची शेवटची पानं नाहीत. पुढचीही नाहीत.” मी पान ४३ उघडलं होतं. मी म्हटलं, घेते.

पुढची पानं नाहीत म्हणजे नाव नाही, लेखक नाही, सालही नाही. जुन्या पुस्तकांत दर पानाच्या माथ्यावर कादंबरीचं नाव छापायचे, तसं यातही होतं. पण बाइंडरनं बांधणी करताना कडा सारख्या करायला वरून कापलं आणि नावाची फक्त खालची अर्धी पट्टी उरली. एक दुपार भिंग घेऊन बसले. शिरोरेषा गेली की आपली अक्षरं इतकी अनोळखी होतात हे तोवर लक्षात आलं नव्हतं. ‘म’ की ‘भ’, ‘घ’ की ‘ध’, काही कळेना. सोडून दिलं. पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर पहिला शिक्का १९५८ चा, शेवटचा १९९३ चा, आणि निम्म्याहून जास्त शिक्के एप्रिल ते जून. उन्हाळ्यात वाचायचं पुस्तक. इथं उन्हाळ्यात दुसरं करणार तरी काय माणूस.

गोष्ट थोडक्यात सांगते. साल १८१७, गाव नागपूर. भोसल्यांच्या फडावर काम करणाऱ्या एका कारकुनाची मुलगी, नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, जुम्मा तलावाच्या काठी बापाच्या घरात राहते. (तलावाचं आजचं नाव गांधीसागर, महालातली जुनी माणसं अजून जुम्मा नाहीतर शुक्रवारी म्हणतात.) बाप हौशी, त्यानं तिला मोडी शिकवलेली. वाड्यावर पहाऱ्याला असलेला एक शिलेदार आईकडून आलेली पत्रं वाचून घ्यायला या घरी येतो, कारण त्याला अक्षर ओळखता येत नाही. ती ओसरीच्या आतून, दाराआडून वाचून दाखवते. दोघांचं प्रेम हे असं, तिच्या आवाजात त्याच्या आईचे शब्द, यातून सुरू होतं. ही कल्पना मला फार आवडली. भाषा मात्र सोसावी लागते. नायिकेचे डोळे हरिणीचे आहेत हे मला अकरा वेळा सांगण्यात आलं आणि मधली साठेक पानं लेखक नुसता पंगतीच वाढत बसलाय.

आणि मग तो खून. हा मात्र लेखकानं रचलेला नाही. दुसऱ्या रघूजीनंतर गादीवर आलेले परसोजी भोसले १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी बिछान्यात मृत सापडले. चुलतभाऊ अप्पासाहेब तेव्हा कारभार पाहत होते, पण त्या दिवसांत ते नागपुरात नव्हते, चांद्याकडे गेले होते. मृत्यू आधी नैसर्गिक मानला गेला. अप्पासाहेब गादीवर आले, इंग्रजांनीही ते मान्य केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, अप्पासाहेब हरले, आणि मग त्यांनीच परसोजींचा गळा आवळून खून करवला हा ठपका पक्का झाला. खरंही असेल. पण हरलेल्याच्या नावावर जुना खून टाकायला फारसे कष्ट पडत नाहीत, एवढं माझ्या मनात येतंच.

कादंबरीतला शिलेदार त्या रात्री आतल्या दारावर उभा होता. कोणीतरी शाल पांघरून आत गेलं आणि परत आलं. कोण? तिनं विचारलं. तो म्हणाला, “काळोख होता.”

हे वाक्य पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. सगळ्या कथेची खुंटी तीच.

आता समासाकडे येते, कारण खरं सांगायचं तर कादंबरी मी एकदा वाचली आणि समास चार वेळा. पस्तीस वर्षं हे पुस्तक घराघरांतून फिरलं, आणि ‘पुस्तकात खुणा करू नयेत’ असं आत छापलेलं असताना लोकांनी यात संसार मांडलाय. मुख्य हात चार. शिसपेन्सिल म्हणजे ती रहस्य फोडणारी. तिला दर वीस पानांनी नवा खुनी सापडतो: दिवाणजी, मग धाकटी दासी, मग चक्क नायिकेचा बाप. निळी शाई बहुतेक शाळामास्तर. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘पुरावा?’ याशिवाय बोलत नाही. बॉलपेन सगळ्यांत उशिरा आलेलं आणि सगळ्यांवर चिडलेलं. आणि चौथी कॉपिंग पेन्सिल, ती जी ओली झाली की जांभळी होते. हिला खुनात काडीचा रस नाही. ती फक्त या दोघांबद्दल लिहिते. पान ५२ वर, तो पहिल्यांदा पत्र घेऊन येतो तिथं, तिनं नुसतं ‘आला’ लिहिलंय. त्या अक्षरांवर थेंब पडून ती गडद जांभळी झालीत. मी आधी हळवी झाले. मग वाटलं, घाम असेल. नागपूर आहे.

काडीचा रस म्हटलं त्यावरून आठवलं. पान ३८ वर नायिका दिवा लावायला काडी ओढते. निळ्या शाईनं लगेच धरलंय: ‘काडेपेटी इ. स. १८२७ नंतरची. चकमक असावी.’ अगदी बरोबर आहे. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडात विकायला आल्या त्याच १८२७ साली. पुढं एका कारकुनाच्या घरी पाहुण्यांना चहा होतो. तिथं बिचाऱ्याचा तोल गेलाय: ‘चहा!!! आसामचा चहा अजून इंग्रजालाही ठाऊक नव्हता!’ मला हा माणूस आवडायला लागला. चुका काढणाऱ्या वाचकाला आपण खडूस म्हणतो, पण चुका तोच काढतो ज्यानं गोष्ट खरी मानलीय. परीकथेत कोणी चहाचं साल तपासत नाही. जिथं आपलं गाव आहे, आपला तलाव आहे, तिथं मात्र एक खिळा इकडचा तिकडे झालेला चालत नाही.

यांचं मोठं भांडण जुंपलंय ते बाकाबाईवरून. दुसऱ्या रघूजीची ही राणी कादंबरीत चांगली रंगवलीय; विधवा नायिकेला ती वाड्यावर बोलावते, तिच्याकडून पोथी वाचून घेते, केशवपनाचा विषय निघतो तेव्हा बापाच्या बाजूनं बोलते. बॉलपेनचा संताप: ‘फितूर बाईला देवी बनवल्याबद्दल निषेध.’ निळी शाई १९९३ पर्यंत जिवंत होती की काय कोण जाणे, कारण तिचं उत्तर खाली आहे, थरथरत्या अक्षरात: ‘पुरावा?’

पुरावा मागून नागपुरात काही होत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते. १८८१ पासून निघते असं सांगतात. पिवळी तिच्या चार वर्षं मागून आलेली. काळी म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली, असं आमच्या आजीनं आम्हांला खांद्यावर घेऊन सांगितलंय. इडापिडा, रोगराई, ‘घेऊन जा गे मारबत’, आणि शेवटी गावाबाहेर जाळणं. तिनं १८१८ नंतर अल्पवयीन राजाच्या वतीनं इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभार पाहिला, १८५७ सालीही ती त्यांच्या विरोधात गेली नाही, हे खरं. पण १८५४ साली राज्य खालसा करून वाड्यातले दागदागिने कलकत्त्याला लिलावात काढले तेव्हा लुटलं गेलेलं घर तिचंच होतं, हेही खरं. गावानं एकदा समासात शेरा मारला तो मारला. आणि हा पेन्सिलीचा नाही. मी स्वतः दरवर्षी ती मिरवणूक बघायला जाते आणि गर्दीत ओरडते, हेही सांगून टाकलेलं बरं.

तर चंद्र.

पान ६१. शिलेदार दुसऱ्यांदा म्हणतो, “काळोख होता.” समासात निळी शाई: ‘दि. १ फेब्रु. १८१७. पंचांग पाहिले. पौर्णिमा! लेखकाचा अक्षम्य प्रमाद.’ खाली बॉलपेन: ‘कादंबरी आहे, पंचांग नव्हे.’

मी हे आधी हसून सोडलं. रात्री झोप येईना. कूलरचा पंप घरघरत होता आणि पाणी संपत आलं होतं. मोबाइलवर ग्रहतारे दाखवणारं ॲप आहे, त्यात नागपूर टाकलं, तारीख मागं मागं नेली. दोनशे वर्षं मागं जायला बोट दुखलं. १ फेब्रुवारी १८१७. पडद्यावर भला मोठा वाटोळा चंद्र. माघातली पौर्णिमा. मास्तर बरोबर होते. त्या रात्री वाड्याच्या दारावर उभ्या माणसाला शालीचा काठसुद्धा दिसला असता.

मला वाटलं, संपलं. लेखकानं चूक केलीय, रहस्य पोकळ आहे. पण मास्तर माझ्यासारखे तिथंच थांबले नव्हते. शंभरावर पानं पुढं, पान १८७ वर, सीताबर्डीची लढाई आहे. २६ नोव्हेंबरची संध्याकाळ, टेकडीवर गोळीबार सुरू. कादंबरीत त्या रात्री चंद्र ‘अंमळ उशिरा, पण जवळजवळ पुरा’ उगवतो आणि त्या उजेडात शिलेदाराला आपल्याच बाजूचे अरब धाकट्या टेकडीकडे सरकताना दिसतात. निळ्या शाईनं इथं आधी ‘बरोबर’ अशी खूण केलीय. मी ॲप पाहिलं, खरंच बरोबर. पौर्णिमा होऊन दोनतीन दिवसच झाले होते. आणि मग त्या खुणेशेजारी, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, जरा तिरपं: ‘म्हणजे लेखकाने पंचांग पाहिले होते. मग फेब्रुवारीत का नाही? पाहा पृ. ५५, ६१, ७०, ९३…’

रात्री एक वाजता मी ती पानं उलटत होते. सात ठिकाणी काळोख आहे. सातही वेळा तो अवतरणचिन्हांत आहे. लेखक स्वतः एकदाही म्हणत नाही की ती रात्र काळोखी होती. म्हणतो तो शिलेदार. मास्तरांनी शेवटच्या जागी, पान १६२ वर, मघाचा ‘अक्षम्य प्रमाद’ स्वतःच्या हातानं मागं घेतलाय: ‘प्रमाद माझा.’ इतकंच. सदर नाही, उपरोक्त नाही.

लेखकानं काडेपेटी चुकवली, चहा चुकवला, पण चंद्र मुद्दाम लपवला. कुठंही सांगितलं नाही. एखाद्या वाचकानं उठून पंचांग काढावं याची वाट बघत बसला. किंवा बसलाही नसेल. आपल्यापुरतं ठाऊक असलं म्हणजे झालं, असंही लिहिणारे असतात.

आणि आता जांभळीचं सांगते. मला वाटलं होतं, ही गोड बोलणारी, भोळी वाचक. पान ५५ परत बघितलं. तो पहिल्यांदा “काळोख होता” म्हणतो, तिथं तिची ओळ आहे, मी आधी वाचून विसरलेली: ‘खोटं बोलतोय. आज पागोट्याचं टोक चाळवत बसलाय.’ पंचांग नाही, साल नाही. मास्तरांना जे कळायला शंभर पानं लागली ते हिला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. आणि कळूनसुद्धा पुढच्या प्रत्येक भेटीला ती ‘आला’ लिहितच राहिली.

विसाव्या वर्षी मीही अशीच वाचत असे. बँकेत नवी नवी लागले होते, लेजरखाली कादंबरी असायची, आणि नायक काहीतरी लपवतोय म्हटलं की तो अधिकच खानदानी वाटायचा. गप्प पुरुष म्हणजे खोल पुरुष, असा एक समज आमच्या वयाच्या मुलींना या पुस्तकांनी करून दिला. पुढं कळलं की काही नुसतेच गप्प असतात.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आत्याकडे गेले. आत्या चौऱ्याऐंशीची, राहायला महालातच, बडकस चौकाजवळ जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर वाचत नाही, वाचून दाखवावं लागतं. ती परातीत चिवळीची भाजी निवडत बसली होती. चिवळ निवडणं म्हणजे दुपारचा धंदा. एकेक बारीक काडी, मुळाची माती झटकायची, पिवळं पान काढायचं. मी कूलरसमोर बसून वाचत होते, समासासकट. शेरे वाचले की तिला गोष्टीपेक्षा जास्त मजा येत होती. “हा बॉलपेनवाला कोण बाप्पा एवढा? याची बायको गेली असंन माहेरी.”

चंद्राचं सगळं सांगितलं. मास्तरांचा शोध, माझं ॲप, सात अवतरणचिन्हं. मला वाटलं, ती थक्क होईल. तिनं एक काडी उजेडाकडे धरून बघितली, परातीत टाकली.

“पण ती कुठे राहत होती म्हणालीस?”

“कोण?”

“पोरगी.”

“तलावाच्या काठी. जुम्मा तलाव.”

“मंग तिला नसंन का दिसला चंद्र?”

मी पुस्तक मिटलं. पौर्णिमेची रात्र, तळं दारात. पाण्यात उतरलेला चंद्र तिच्या ओसरीवरून दिसत असणार. दुसऱ्या दिवशी तो माणूस तोंडावर सांगतो की काळोख होता, आणि ती पत्र वाचायला घेते. सात वेळा तो म्हणतो, सात वेळा ती ऐकून घेते. मास्तर, मी, शिसपेन्सिल, आम्ही सगळे तो काय लपवतोय ते शोधत बसलो. ती काय लपवतेय हे कोणी बघितलंच नाही. निदान समासात तरी कोणी लिहिलेलं नाही.

“तुला कसं सुचलं?” मी विचारलं.

“सुचायचं काय त्यात. आमचे हे रात्री दोन-दोनला येत. म्हणत, मालगाडी उशिरा सुटली. स्टेशन काय लंडनला होतं? इथून शिट्टी ऐकू येत होती मला. पाट-पाणी करायची, वाढायची.” तिनं परात सरकवली. “भाजीत फल्लीकूट घालू का थोडं?”

आतोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यांच्याबद्दल हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुढं काही विचारलं नाही. फल्लीकूट घाल म्हटलं.

मग तिनंच विषय काढला. म्हणाली, हे पुस्तक तिनं वाचलंय. लग्नाआधी, म्हणजे साठ-एकसष्टच्या सुमाराला, याच वाचनालयातून तिचा भाऊ, म्हणजे माझे बाबा, आणून द्यायचे. आणि शेवट तिला ठाऊक आहे. माझ्या अंगावर काटाच आला. कारण माझ्याकडच्या प्रतीत शेवटचं पान २७२. लढाई हरलीय, अप्पासाहेब कैदेत आहेत, १८१८ चा मे महिना. प्रयागला नेत असताना अप्पासाहेब शिपायाच्या वेषात निसटले ही इतिहासातली गोष्ट. कादंबरीतला शिलेदार त्यांना जाऊन मिळणार आहे. निघायच्या आदल्या रात्री तो तिच्या दारात येतो, “चल” म्हणतो. ती म्हणते, “एक सांगशील?” आणि पान संपतं. पुढचा सगळा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेली सोळा पानं, गायब.

“गेली ती,” आत्या म्हणाली. “न विचारता गेली. ‘एक सांगशील’ म्हणून तिनं विचारलं ते दुसरंच काहीतरी, वाटेत पाणी लागेल का, असलं. घोड्यावर बसून गेली. मी रडली होती.”

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. या अकोल्याकडच्या, पंच्याहत्तरीच्या, शाळेत शिक्षिका होत्या. पुस्तक बघून म्हणाल्या, हे तर मीबी वाचलंय. पंचाहत्तर-शहात्तर साली, प्रसूतीच्या रजेवर.

“मग शेवट सांगा,” मी म्हटलं.

“काऊन जाईन ते त्याच्यासंग?” काकू उभ्याउभ्याच भडकल्या. “तिनं तोंडावर इचारलं, कोन होतं त्या रात्री. त्यानं सांगतलं बी. आन् मंग तिनं दार लावलं. कडी वाजते, तिथंच पुस्तक संपते. मले अजून आठवते ते कडी.”

“कडी कुठे होती? घोडा होता,” आत्या म्हणाली.

“घोडा राहीन बाहेर.”

“कोण होतं मग?” मी विचारलं. “नाव काय सांगितलं त्यानं?”

काकूंनी विरजणाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. “नाव… आता तेवढं नाही ध्यानात. पन सांगतलं होतं.”

खुनी कोण हे जिला आठवत नाही तिला कडी आठवते. मला यात खोटं काही वाटलं नाही. या प्रकारच्या कादंबऱ्या मी तीसेक तरी वाचल्या असतील. कोणी कोणाला विष घातलं ते एकीचंही धड सांगता येणार नाही, पण कोणती बाई कोणत्या दारात किती वेळ उभी राहिली ते सांगेन. आपल्याकडं ही जात जुनी आहे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ‘मोचनगड’चं नाव घेतात, ती १८७१ ची. म्हणजे इतिहासाच्या आडोशानं प्रेम आणि रहस्य वाचायची सवय दीडशे वर्षांची. घरातली वडील माणसं इतिहास आहे म्हणून हातातून ओढून घेत नसत. बाबा स्वतःच्या बहिणीला प्रेमकथा आणून देतील असं मला कधी वाटलं नसतं. त्यांनी भोसल्यांचा इतिहास आणून दिला होता.

दोघींचं त्या दिवशी मिटलं नाही. विरजण घेऊन काकू दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या, “अन् ते केस काढायचं काय झालं, ते तरी ध्यानात आहे का तुमाले?” आत्याला नव्हतं. मलाही हे सुचलं नव्हतं. जाणारी किंवा दार लावणारी, तिच्या डोक्यावर केस होते की नाही, यावर दोन्ही शेवटांचा अर्थ बदलतो. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आत्या म्हणाली, “बहुतेक तुम्ही दुसरंच कोणतं तरी वाचलं असंन.” काकू म्हणाल्या, तेच मी तुम्हाला म्हणणार होती.

दुसरी प्रत मिळावी म्हणून मी थोडी हिंडले. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दोन दुकानांत पानांचे फोटो दाखवले. एकानं भिंगातून अर्धी नावाची पट्टी बघितली आणि ठामपणे एक नाव सांगितलं. दुसऱ्यानं तितक्याच ठामपणे दुसरं. पहिल्यानं सांगितलेली कादंबरी त्याच्याकडं होती, उघडून पाहिली, ती पेशव्यांची निघाली. १ मे रोजी सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, ती तारीख तर उलटून गेली होती. नाहीतर वर जाऊन बघायचं होतं की तिथून तलाव दिसतो का. आता पंधरा ऑगस्टला.

काकूंनी पुस्तक मागून नेलं त्याला सहा आठवडे झाले. “एकडाव पुन्हा वाचून पायतो,” म्हणाल्या होत्या. मृगाचा पाऊस होऊन गेला, कूलर झाकून ठेवला, तरी पुस्तक परत नाही. परवा आत्याकडे गेले तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे डोकावले. काकू आडव्या झाल्या होत्या, पुस्तक उशाशी, पान २७२ च्या आसपास उघडं पालथं घातलेलं.

“झालं का वाचून?”

“होऊनच राह्यलं. चार पानं उरली.”

शेवटची सोळा तर नाहीतच, त्यांत या चार कुठल्या उरल्या, असं विचारणार होते. पण पुस्तकातून पेन्सिलीचं टोक बाहेर आलेलं दिसलं. माझं लक्ष गेलेलं बघून काकूंनी ते आत सरकवलं.

“खून म्हनून ठेवली व,” त्या म्हणाल्या.